ओढीचा आकडा

सीट हळूच बाहेर वळली आणि रेवतीच्या पायांपाशी येऊन थांबली. ती घरातल्या खुर्चीत बसावं तशी बसली. निकमने बटण दाबलं, सीट तिला घेऊन पुन्हा आत वळली आणि दार लागलं. गेली दोन वर्षं रेवतीला कुठल्याही गाडीत बसवायचं म्हणजे एकाने पाठ धरायची, दुसऱ्याने पाय उचलायचे आणि तिने 'थांबा, थांबा, थांबा' म्हणत राहायचं, असा सोहळा होता. आता ती एकटीच आत बसली होती आणि काचेतून समोर बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "मला कोणी उचललं नाही."

"अरे वा!" खरवंडीकरांच्या तोंडून निघून गेलं.

टेबलावरच्या पडद्यावर गाडीची ऑन रोड किंमत तेरा लाख साठ हजार दिसत होती. ती चौदा लाख पाच हजार झाली.

"अहो निकम, हे काय?"

"मी काही केलं नाही हो साहेब." निकम पन्नाशीचा होता, नाशिकमधल्या अंबडच्या त्या शोरूममध्ये त्याने वीस वर्षं गाड्या विकल्या होत्या, आणि तो खरोखरच ओशाळला होता. "भाव आता आमच्या हातात राहिलाय कुठे? तो लावतो." त्याने पडद्याच्या वर बसवलेल्या, शर्टाच्या बटणाएवढ्या काळ्या भिंगाकडे बोट दाखवलं. "तुम्ही 'अरे वा' म्हणालात ना."

मोठ्या वस्तूंच्या दुकानांतून किमतीच्या पाट्या गेल्याला सहा-सात वर्षं झाली होती. आता भाव ज्याचा त्याला लागत असे. ते भिंग माणसाच्या डोळ्यातली बाहुली किती रुंदावते ते बघे, गालाखालचं रक्त किती वेगाने धावतं ते बघे, 'नको' म्हणण्याआधी आवाज किती क्षण अडखळतो ते मोजे. आणि त्यावरून एकच आकडा काढी. हा माणूस जास्तीत जास्त किती देईल आणि किती झाल्यावर उठून जाईल? त्याच्या हजार-दोन हजार खाली तो भाव सांगे. ग्राहकाच्या बँकेत डोकावायला कायद्याने बंदी होती. चेहरा मात्र बँकेत ठेवता येत नाही. खोटं खोटं उठून जायचं म्हटलं, तर खोटं उठणारा माणूस त्या भिंगाला लगेच कळे, आणि भाव जागचा हलत नसे.

घरी येताना सीटविना, म्हणजे जुन्या पद्धतीने, रिक्षात चढवून घेतल्यावर रेवतीने श्वास सावरला आणि मग नवऱ्याला धारेवर धरलं.

"पंचेचाळीस हजारांचं 'अरे वा' म्हणालात. सोन्याच्या भावात पडलं."

"तोंडातून निघून गेलं."

"तुमच्या नेहमी निघूनच जातं. भद्रकालीत मी भांड्यांच्या दुकानातून ताठ मानेनं उतरायची, दुकानदार हाक मारणार इतक्यात तुम्ही वळून कढईकडे बघायचात. संपलं! तो कशाला हाक मारतो?"

"ती कढई चांगली होती पण."

"चांगली होती म्हणूनच वळून बघायचं नव्हतं!"

रिक्षावाला हसला. खरवंडीकरही हसले, पण ते आतून खजील झाले होते. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मुद्रितं तपासली होती. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, यावर ते कुणाशीही भांडले असते. पैशावर कधी कुणाशी भांडले नव्हते. घरातला प्रत्येक सौदा रेवतीने केला होता. आता तिचे गुडघे गेले होते, शोरूमच्या पायऱ्या चढणं हेच तिला संकट होतं. हा सौदा त्यांनाच करायचा होता.

आणि गाडीही तीच हवी होती. फिरती सीट 'पालवी' नावाच्या त्या एकाच मॉडेलला होती. अकोल्याला रेवतीचं माहेर होतं, तिथे धाकटा भाऊ सुहास राहत होता, आणि तीन वर्षांत ती तिथे गेली नव्हती. कधी विषय निघाला की 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून ती कुकर लावायला उठायची. रेवतीला शेजारी बसवून आपण सिन्नरच्या पुढे लागलो आहोत, हे चित्र खरवंडीकरांनी मनात इतक्यांदा पाहिलं होतं की ते त्यांना आठवणीसारखं वाटू लागलं होतं.

त्यांनी आपल्या पद्धतीने सुरुवात केली. रेघी कागदावर तीन रकाने आखले. अंबड, द्वारका, ओझर. अंबडला चौदा लाख पाच. द्वारकेला तेरा पंचाऐंशी, पण विमा त्यांच्याकडूनच घ्यायचा. ओझरला तेरा साठ, पण खाली बारीक अक्षरांत 'हाताळणी शुल्क' बावीस हजार. कशाची हाताळणी, हे विचारायला ते पुन्हा ओझरला गेले, तिथे उभ्या असलेल्या पालवीच्या सीटवर त्यांनी सहज हात ठेवला, आणि तेरा साठचे तेरा नव्वद झाले. तिन्ही रकान्यांत खाडाखोड होत गेली. जितक्या वेळा जावं तितका भाव चढत होता. शेवटी द्वारकेच्या विक्रेत्यानेच त्यांना हळू आवाजात सांगितलं, "काका, तुम्ही आधी समभावमध्ये जाऊन या. सगळे जातात."

समभाव केंद्र कॉलेज रोडवर, एका दातांच्या दवाखान्याच्या वर होतं. तिथली ओवी नावाची मुलगी पंचविशीची असेल. तिने त्यांच्या डोक्याला एक हलका पट्टा बांधला आणि अगदी सोप्या शब्दांत सगळं समजावलं.

"काका, एखादी गोष्ट आवडणं वेगळं आणि हवीशी वाटणं वेगळं. मेंदूत दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत. आपण आवड नाही काढत. ओढ कमी करतो, फक्त या गाडीपुरती."

"म्हणजे मी ते विसरणार?"

"अजिबात नाही. बघा, आपण एखादी गोष्ट आठवली ना, की ती पुढचे काही तास मेंदूत ओली असते. नंतर परत वाळून जागेवर बसते. ती ओली असताना हा पट्टा त्या जागी खूप बारीक ध्वनिलहरी सोडतो, कानाला ऐकू न येणाऱ्या. आठवण जशीच्या तशी राहते, तिचं वजन तेवढं उतरतं. मग तुम्ही खरोखरच उठून जाऊ शकता. ते भिंग खोट्याला पकडतं, खऱ्याला काय पकडणार?"

पडद्यावर आकडा आला. त्र्याऐंशी.

"बापरे," ओवी म्हणाली. "गाडीला त्र्याऐंशी मी पहिल्यांदाच बघतेय. एवढी काय आवडली हो काका? विसाच्या खाली आणावा लागेल. मग यंत्र तुम्हाला 'जाणारा' धरतं."

बारा बैठका ठरल्या. सही करण्याआधी खरवंडीकरांनी करारपत्र सवयीने शब्दन् शब्द वाचलं. दोन ठिकाणी 'अनुमती'तली वेलांटी ऱ्हस्व होती. सातव्या कलमात लिहिलं होतं : 'बैठकीत केवळ वस्तूचीच कल्पना करावी. व्यक्तीची करू नये.' ते त्यांनी वाचलं. समजलंही.

पहिल्या बैठकीत त्यांनी डोळे मिटून नुसती गाडी आणली. पांढरी, धुतलेली, रिकामी. आकडा अकरा.

"काका, लक्ष दुसरीकडे आहे तुमचं," ओवी म्हणाली. "मगाशी त्र्याऐंशी होतात. मगाशी काय आठवत होतात तेच आणा ना."

मगाशी त्यांच्या मनात रेवती त्या सीटवर बसली होती आणि म्हणत होती, 'मला कोणी उचललं नाही.'

इथे त्यांनी बोलायला हवं होतं. पुढे कितीतरी वेळा त्यांनी स्वतःला तेच विचारलं, की तेव्हा का बोललो नाही? मुद्रितात शंका आली की समासात प्रश्नचिन्ह करायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. पण बायकोचा विचार केला की आपला आकडा चढतो, हे या वयात, एका परक्या मुलीला कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांचे कान नुसत्या कल्पनेनेच तापले. शिवाय मनात दुसरंही काही होतं. एकदा, निदान एकदा, घरी जाऊन 'मी भाव केला' असं सांगायचं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि रेवतीला सीटवर बसवलं. आकडा त्र्याऐंशीवर गेला, पट्टा किंचित गरम झाला, आणि ओवी म्हणाली, "हां, आता बरोबर."

बैठकीमागून बैठक ते रेवतीला त्या सीटवर बसवत राहिले. ती बसायची, सीट वळायची, ती बोलायची. एकाहत्तर. चौसष्ट. पाचव्या बैठकीला ती बोलत असताना आपण तिच्या कानातल्या कुड्या बघतोय आणि बाकी काहीच होत नाही, हे त्यांना जाणवलं आणि यंत्र काम करतंय म्हणून समाधान वाटलं. आकडा लवकर उतरावा म्हणून त्यांनी घरीही अभ्यास केला. केंद्रात जायच्या आधी अर्धा तास डोळे मिटून बसायचं आणि रेवतीच्या सगळ्या गोष्टी नीट आठवून ओल्या करून न्यायच्या. पहिल्या भाड्याच्या खोलीत तिने लावलेला पडदा. मुलगा झाला तेव्हा दवाखान्यात तिने विचारलेलं, 'छापखान्यात सांगितलंत का?' बाराव्या बैठकीला आकडा एकोणीस झाला. ओवीने पेढा दिला.

अंबडला निकमने पडदा त्यांच्याकडे वळवला तेव्हा तेरा चाळीस होते.

"बारा दहा," खरवंडीकर म्हणाले.

"साहेब, तेवढ्याला तर आम्हालाही मिळत नाही."

"ठीक आहे. येतो मग." ते उठले, चप्पल सरकवली आणि दाराकडे चालू लागले. ते नाटक करत नव्हते. बाहेर ऊन आहे, घरी जाऊन डाळ-भात खावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. दार उघडेपर्यंत निकमने हाक मारली. पडद्यावर बारा लाख दहा हजार होते.

"अठ्ठावीस दिवसांपूर्वी तुम्हीच आला होतात ना?" निकम त्यांच्याकडे टक लावून बघत म्हणाला. "वहिनी बऱ्या आहेत ना साहेब?"

"बऱ्या आहेत. का?"

"नाही, सहज."

रेवतीला आनंद किती झाला! तिने सुहासला फोन लावला, शेजारच्या कर्पेबाईंना हाक मारून सांगितलं, "एक लाख पंचाण्णव हजार उतरवले ह्यांनी! ह्यांनी!" गाडी दारात आली त्या दिवशी तिने ठेवणीतली साडी नेसली, नारळ वाढवला, बटण स्वतः दाबलं. सीट वळली. ती बसली आणि नवऱ्याकडे बघून हसली. खरवंडीकर चाकातली हवा बघत होते.

"अहो, इकडे बघा ना."

त्यांनी बघितलं. "पट्टा लाव," ते म्हणाले.

पुढचे दोन महिने त्यांनी तिला कुठेही न्यायचं बाकी ठेवलं नाही. फिजिओथेरपी, बहिणीचं घर, भाजीबाजार. वेळेवर काढायची गाडी, सावलीत लावायची, बटण दाबायचं. तक्रारीला जागाच नव्हती. पण चाळीस वर्षं एकत्र राहिलेल्या बाईला तक्रारीसाठी जागा लागत नाही. पूर्वी ती न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिली की दाराबाहेर खोकण्याचा आवाज यायचा; तो येईना. पूर्वी ते पेपरातली छपाईची चूक तिला वाचून दाखवायचे, तिला त्यात काडीचा रस नसूनही. आता पेपर घडी करून ठेवत. एकदा तिने चहात मुद्दाम साखर घातली नाही. त्यांनी डबा आणला, साखर घातली, ढवळली, प्याले.

"बरं नाही का वाटत तुम्हाला?"

"छान वाटतंय की."

शेवटी ते अकोल्याला निघाले. वाटेत रेवती तीन वर्षांचं साठलेलं बोलत होती आणि खरवंडीकर प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होते. दुसऱ्या दिवशी परतायच्या वेळी, भावाच्या ओसरीवर बसून तिने विचारलं, "मी राहू का इथे? आठ-पंधरा दिवस?"

तिने हे पूर्वीही विचारलेलं होतं, दर वेळी. दर वेळी खरवंडीकरांना काहीतरी आठवायचं. गॅस संपत आलाय, तुझी गोळी तिकडे राहिली, कर्पेबाईंना शब्द दिलाय. सुहास त्यावर 'भावजी, सरळ सांगा ना करमत नाही' म्हणून त्यांना पिडायचा.

"राहा की," खरवंडीकर म्हणाले.

सुहासने बहिणीकडे बघितलं आणि तो उगाच आत गेला.

ते एकटे नाशिकला आले. जेवले, झोपले, सकाळी फिरून आले. चार दिवस अगदी नीट गेले. पाचव्या दिवशी विम्याचे कागद फाइलला लावताना समभावने नोंदींसाठी दिलेली वही हाताला लागली. तारखा, आकडे, आणि समोर त्यांच्याच सुवाच्य अक्षरात, बैठकीत काय आठवलं त्याची नोंद. रेवती सीटवर. रेवती सीटवर. रेवती, पडदा. रेवती, दवाखाना. एकोणीस. त्यांनी ती पानं मुद्रित वाचावं तशी वाचली आणि चूक कुठे आहे ते त्यांना दिसलं. ती एका कलमापुरती नव्हती. अख्ख्या पुस्तकभर होती.

दुसऱ्या दिवशी ते ओवीसमोर बसले होते.

"काका, माणसाचा विचार करू नका असं लिहिलंय ना सातव्या कलमात?"

"वाचलं होतं."

"मग मला सांगायचं ना!"

"तुला कसं सांगणार?" ते म्हणाले. ओवीने खुर्ची जवळ ओढून विचारलं, "काहीच नाही वाटत?"

"सगळं आठवतं. ती चांगली आहे हे माहीत आहे. तिला काही होऊ नये असंही वाटतं. पण ती इथे नाही, हे..." त्यांनी शब्द शोधला, सापडला नाही. "हे कुठे लागत नाही. आणि ते लागत नाही, याचं मात्र वाईट वाटतं. ते कसं?"

"पश्चात्तापाचा रस्ता वेगळा आहे काका. त्याला आपण हात लावला नव्हता."

"हे परत चढवता येईल?"

"हे यंत्र फक्त उतरवतं. ओढ चढवायला बंदी आहे. नाहीतर दुकानदारांनीच वापरलं असतं." तिचा आवाज बारीक झाला. "कधीकधी आपोआप येते म्हणतात. नव्याने. मी पाहिलेली नाही."

त्यांनी रेवतीला फोन केला आणि पहिल्या बैठकीपासून सगळं सांगितलं, काही न वगळता. शेवटी तिने विचारलं, "सुरुवातीला किती होता आकडा?"

"त्र्याऐंशी."

"गाडीचा?"

"नुसत्या गाडीचा अकरा."

"म्हणजे बहात्तर माझे," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत एकदा तरी तोंडाने सांगायचं होतं हो. मला वाटायचं, हा माणूस पुस्तकात असतो आणि मी स्वयंपाकघरात. आणि कळलं ते असं. विकून झाल्यावर."

"मी उद्या येतो न्यायला."

"नको." तिचा आवाज सौदा करतानाच्यासारखा नव्हता; दमलेला होता. "गोळ्या संपल्या म्हणून येऊ नका. कर्पेबाई विचारतात म्हणून येऊ नका. यावंसं वाटलं, तर या."

मग खरवंडीकर रोज सकाळी चहा झाल्यावर खुर्चीत बसून स्वतःला तपासू लागले. वाटतंय का? नव्हतं वाटत. तिचा कपाटातला शालीचा कप्पा उघडून बघितला; शालींना डांबरगोळ्यांचा वास येत होता, बस. एकोणिसाव्या दिवशीही काही वाटलं नाही. तरी त्यांनी किल्ली घेतली.

वाटेत त्यांनी ठरवलं की 'हो' म्हणायचं. तिने विचारलं तर 'हो, वाटलं' म्हणायचं. चेहरा आता काही सांगत नाही, तिला कळणार नाही. त्यात कुणाचं नुकसान आहे? सिन्नर सोडल्यावर त्यांनी ते दोन-तीनदा मोठ्याने म्हणूनही बघितलं.

रेवती ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होती. गाडीचा आवाज ऐकूनही तिने मान वर केली नाही.

"वाटलं?" तिने विचारलं.

"नाही," खरवंडीकर म्हणाले.

तिचा हात थांबला. "मग कशाला आलात?"

"वाटत नाही ते सहन होत नाही म्हणून."

तिने आणखी दोन शेंगा सोलल्या. दाणे परातीत टाकले. "हे वाक्य वाटेत जुळवलंत?"

"नाही. वाटेत दुसरं जुळवलं होतं."

"कोणतं?"

"'हो.'"

रेवतीला हसू आलं आणि तिने ते पुरतं येऊ दिलं नाही. पदराने डोळे पुसले, सालांचा ढीग बाजूला सारला. तिच्या शेजारी बसण्यापुरती जागा झाली. खरवंडीकर बसले. दोघांनी मिळून अर्धा किलो वाल सोलले. त्यांना सोलता येत नव्हते, ते दाण्याला नख लावत होते, आणि ती प्रत्येक नख लागलेला दाणा वेगळा काढत होती. सुहासच्या बायकोने चहा आणला. चहा झाल्यावर त्यांनी गाडीकडे बघितलं. तिने नाही बघितलं.

"तू येतेस?"

"नाही. तुम्ही जा." तिने परात मांडीवर ओढली. "पुन्हा या. पण एक करा. पुढच्या वेळी काय बोलायचं, ते वाटेत ठरवून येऊ नका."

ते निघाले. शेजारची सीट रिकामी होती आणि तिच्यावर वालाचं एक साल पडलं होतं, त्यांच्याच बाहीला चिकटून आलेलं. सिन्नर अजून लांब होतं. पुढच्या वेळी पायरी चढताना पहिलं काय म्हणायचं, याची तीन वाक्यं आपण आत्ताच मनात लिहून खोडली, हे त्यांच्या लक्षात आलं. चौथं सुरू झालं होतं. ही जुनी खोड आहे की आणखी काही, हे त्यांना कळेना. त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि ते चौथं वाक्य कुठे जातं ते बघत बसून राहिले.